तीन हिसके

उलव्याच्या त्या सोसायटीत वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना एक गोष्ट ठाऊक होती. दुसऱ्या मजल्यावरच्या कुंदन घरतला घराला कुलूप लावून गेटबाहेर पडायला वीस मिनिटं लागतात. तो कुलूप लावायचा, दोन जिने उतरायचा, अर्ध्या वाटेतून परत वर जायचा, कुलूप ओढून बघायचा आणि पुन्हा उतरायचा. त्यात डावा पाय ओढत चालणारा माणूस. त्याची बायको सोनल खाली पर्स धरून उभी असायची. दोघांना वाशीची बस पकडायची असायची, ती दवाखान्यात रिसेप्शनला आणि हा डायव्हिंग स्कूलमध्ये. बसथांब्यावर पोचलं की कुंदन विचारायचा, "लावलं ना गं मी?" आणि सोनल न चिडता म्हणायची, "लावलंस. मी बघितलं."

जन्माचा घाबरट असता तर या माणसाबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतं. पण दोन वर्षांपूर्वी हाच कुंदन अंदमानच्या समुद्रात पाठीला सिलिंडर बांधून नव्वद मीटर खाली जाऊन आला होता. नव्वद मीटर म्हणजे किती? तीस मजल्यांची इमारत पाण्यात उलटी उभी करा आणि तिच्या गच्चीला हात लावून या. हौशी लोक अठरा मीटरवर फोटो काढतात आणि वर येऊन आठवडाभर सांगत बसतात. तीस मीटरच्या पुढे शहाण्यानं विचार करून जावं. नव्वदला जाणारे फार थोडे, आणि त्यातले काही वर येत नाहीत.

पाण्यात उतरणं त्याला बापाकडून आलं होतं. त्याचे वडील वामन घरत खाडीत बुड्या मारायचे. कुणाचं जाळं खुंटाला अडकलं, कुणाचा नांगर चिखलात रुतला, की वामनला हाक जायची. नाकाला चिमटा नाही, तोंडाला नळी नाही, नुसता छातीतला दम आणि कमरेला दोरी. खाडीच्या पाण्यात डोळे उघडे ठेवले काय नि मिटले काय, सारखंच. दोरीचं दुसरं टोक वर होडीत पंढरीच्या हातात असे. खालून तीन हिसके आले की पंढरीनं ओढायचं.

त्या कामाची एक रीत होती आणि ती देवाधर्मासारखी पाळली जायची. वरच्या माणसानं दोरी हातातच धरायची. हात भरून आले तरी होडीच्या कडीला बांधायची नाही, कारण कडीला खालचा हिसका कळत नाही. आणि उतरणाऱ्यानं दोरी कधी तपासून बघायची नाही. नारळी पुनवेला तो वरच्या माणसाच्या हातात नारळ द्यायचा, आणि त्या दिवसापासून दोरी वरच्याची. तिच्याकडे मान वळवून बघणं म्हणजे त्या माणसाला तोंडावर चोर म्हणण्यासारखं. वामननं तीस वर्षांत एकदाही बघितलं नाही. पंढरी वारला तेव्हा त्याच्या तळहाताला आडवा घट्टा होता, बोटभर रुंद. चिता पेटायच्या आधी वामननं दोरीचा वीतभर तुकडा त्याच्या मुठीत ठेवला आणि त्यानंतर खाडीत पाय घातला नाही.

तसा पाय घालायला खाडीही फारशी उरली नाही. विमानतळ आला, गाव उठलं, शेत आणि मिठागर भरावाखाली गेलं. घरतांना प्लॉट मिळाला. त्यावर थोरल्या भावानं चार मजले चढवले, वामन त्याच्याकडे राहिले आणि कुंदननं जवळच फ्लॅट घेतला. कुंदन बंदरात डायव्हर म्हणून लागला. जेट्टीचे खांब तपासायचे, जहाजांच्या पोटाला चिकटलेले शिंपले खरवडायचे. तेही पाणी काळंच. बत्तीस वर्षांचा होईपर्यंत या माणसाचं अर्धं आयुष्य पाण्यात गेलं होतं आणि पाण्यात काही दिसतं हे त्याला माहीत नव्हतं.

ते दाखवलं कुलदीप जगतापनं. कुलदीप मूळचा साताऱ्याकडचा, वाढला वाशीत. त्याचे वडील हौसेराव मार्केटात माथाडी होते, आयुष्यभर पाठीवर गोणी वाहिल्या. आपण पाठीवर काही वाहायचं नाही असं कुलदीपनं लहानपणीच ठरवून टाकलं होतं. आपलं ओझं दुसऱ्याच्या पाठीवर कसं द्यावं हे मात्र त्याला उपजत येत होतं. पण हे मी आज म्हणतो. तेव्हा तो कुणालाही आवडेल असा गडी होता. बंदरात डायव्हिंगचं सामान विकायला यायचा. कुंदन पाण्याखाली किती थंड डोक्यानं काम करतो हे त्यानं बघितलं आणि एका शनिवारी त्याला गाडीत घालून मालवणला नेलं.

मालवणला कुंदन पाण्यात उतरला आणि त्याला स्वतःचे पाय दिसले. एवढ्यावरच तो गडबडला. खाली वाळू, प्रवाळ, पिवळ्या पट्ट्यांचे मासे, आणि वरून उन्हाच्या तिरप्या काठ्या. वर आल्यावर तो म्हणाला, "माझ्या बापानं तीस वर्षं बुड्या मारल्या. त्याला यातलं कायच दिसलं नाय रे."

त्या दिवसापासून दोघांची जोडी जमली. वाशीत एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांनी 'खोलवर' नावाचं डायव्हिंग स्कूल काढलं. बोलायचं काम कुलदीपचं, पाण्यातलं कुंदनचं. खारघर-बेलापूरची ऑफिसातली मंडळी शिकायला येऊ लागली. कुंदन त्यांना अठरा मीटरवर नेऊन सुखरूप आणायचा, आणि त्याची स्वतःची नजर मात्र खाली, जिथे निळं संपून शाईसारखं होतं तिथे जायची.

ही ओढ कशी असते ते न गेलेल्याला सांगणं कठीण. माणसाला वाटतं, आणखी पाच मीटर. पाच मीटरनं काय होतंय? आणि खालची गंमत अशी की जसजसं खोल जावं तसतशी साध्या हवेचीच नशा चढते. पंचावन्न मीटरवर एकदा कुंदननं हाताची बोटं मोजली तर सहा भरली. त्याला भीती वाटायला हवी होती. उलट त्याला इतका आनंद झाला की त्यानं पुन्हा मोजली, आणि पुन्हा सहा भरल्यावर तो नळीतून हसत सुटला. वर आल्यावर घाम फुटला. मग तो हेलियम मिसळलेल्या हवेचं शिक्षण घेऊन आला. त्यानं डोकं ताळ्यावर राहतं, पण पुरतं राहतं असं छातीठोक कुणी सांगत नाही.

सोनल विचारायची, "खाली आहे काय एवढं?" तो म्हणायचा, "काय नाय. तेच तर." वर रोज काहीतरी मोजलं जायचं, जमीन, प्लॉट, भराव, रस्ता. सत्तर मीटरवर मोजणीवाला येत नाही. तिथे सातबारा नाही, नोटीस नाही, कुणाचा फोन नाही. स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येतो. गाव गेलेल्या माणसाला ती जागा आपली वाटली, यात मला तरी नवल वाटत नाही.

नव्वदची कल्पना कुलदीपची. स्कूलचं नाव होईल, प्रायोजक मिळतील, वगैरे. पण कुंदनला ढकलावं लागलं नाही, तो आधीच काठावर उभा होता. वरचा माणूस कुलदीप असणार हे उघडच होतं. त्या वर्षीच्या नारळी पुनवेला कुंदननं खाडीच्या जेट्टीवर त्याच्या हातात नारळ दिला. कुलदीपनं त्याचा व्हिडिओ काढून टाकला, खाली लिहिलं, 'परंपरा'. लाईक खूप आले. वामन बाजूला उभे होते. त्यांनी कुलदीपला एवढंच सांगितलं, "दोरी हातात ठेव, पोरा. कडीला नको बांदू."

"टेन्शन घेऊ नका बाबा," कुलदीप त्यांच्या पाया पडत म्हणाला. "जीव गेला तरी सोडणार नाही."

बेत असा होता. इतकं खोल गेलेल्या माणसाला सरळ वर येता येत नाही, अंगात मुरलेला वायू रक्तात बुडबुडे धरतो आणि माणूस लुळा पडतो. म्हणून टप्प्याटप्प्यानं थांबत यायचं. दहा मिनिटं खाली राहिलेल्याला वर यायला दोन तास. शेवटचा टप्पा सहा मीटरवर, तिथे पाऊण तास शुद्ध ऑक्सिजन घ्यायचा. तो सिलिंडर आधीपासून लटकवून ठेवला तर लाटांच्या हेलकाव्यानं त्याचं तोंड उघडून रिकामा होतो, हे एकदा अनुभवलं होतं. म्हणून तो होडीत ठेवायचा. दीड किलो शिसं बांधलेली बारीक दोरी सहा मीटरपर्यंत सोडायची. कुंदन तिथे आला की तीन हिसके देणार, आणि कुलदीप त्या दोरीवरून सिलिंडर खाली पाठवणार. मदतीला एक तिसरा डायव्हर होता, पण त्याच्या कानाला दडा बसला आणि तो बेटावरच राहिला. त्या दिवशी परत फिरायला हवं होतं. होडीत उरले कुलदीप आणि इंजिनवाला. कुंदन म्हणाला, "दोरी आहे ना. चल."

उतरताना दोरी त्याच्या हाताच्या अंतरावर होती. त्यानं रीतीप्रमाणे तिच्याकडे बघितलं नाही.

खाली सगळं ठरल्यासारखं झालं. लाल रंग आधी गेला, मग हिरवा, मग नुसता काळसर निळा अंधार आणि टॉर्चचा एक झोत. उतरायच्या जाड दोराला नव्वद मीटरवर लटकवलेली प्लास्टिकची पट्टी त्यानं काढून खिशात घातली. तिथे तो मिनिटभर काहीच न करता तरंगत राहिला. पुढे लोकांनी त्याला विचारलं, कसं वाटलं? तो सांगायचा, "कुणीच रागावलेलं नाय असं वाटलं."

मग वर. थांबत, थांबत. सहा मीटरवर आला तेव्हा होडीचं पोट डोक्यावर दिसत होतं. त्यानं दोरी धरली आणि तीन हिसके दिले. काही आलं नाही. पुन्हा तीन. दोरी ताठ लागत होती, पण पलीकडे कुणी नसावं तशी. पाठीवरची हवा बारा-तेरा मिनिटांपुरती उरली होती. त्यानं दोन्ही हातांनी, पाय मारत, सगळं अंग टाकून ओढली. हवा संपत आली तसा तो वर निघाला.

पहिली पाच मिनिटं काही झालं नाही. मग खांद्यात कळ आली, आणि मग कमरेखालचं शरीर जागेवरच राहिलं नाही. रक्तातले बुडबुडे जिरवणाऱ्या हवेच्या दाबाच्या खोलीत पोचायला सहा तास लागले. जीव वाचला, उजवा पाय परत आला, डावा अर्धा आला. डॉक्टर म्हणाले, पाण्याखाली पुन्हा जायचं नाही, स्विमिंग पूलच्या तळालाही नाही.

इस्पितळात तिसऱ्या दिवशी कुलदीप उशाशी बसला होता. रडून त्याचे डोळे सुजले होते. तो म्हणाला, "भावा, दोरी माझ्या हातात होती. एकदाही हलली नाही रे."

कुंदनला तर हिसके दिल्याचं लख्ख आठवत होतं. पण लख्ख तर सहा बोटंही आठवत होती. खोल गेलेल्याचं डोकं त्याला काहीही दाखवतं, हे तोच विद्यार्थ्यांना शिकवत आला होता. आणि समोर बसला होता नारळ घेतलेला माणूस. अशा माणसावर संशय घ्यायचा नसतो, हे तर अंगातच भिनलेलं. मग उरलं कोण? कुंदननं कुलदीपचा हात धरला आणि त्याची माफी मागितली. होय, यानं त्याची. "माझ्यामुळे तुला हे बघायला लागलं," असं म्हणाला.

घरी आल्यावर वामननी एकच प्रश्न विचारला, "हिसका दिलास?"

"दिला असं वाटतं, बाबा."

"वाटतं?" वामन म्हणाले, आणि त्या विषयावर पुन्हा बोलले नाहीत. पण मुलाकडे बघायची त्यांची नजर बदलली. बुड्या मारणाऱ्याचा पोर हिसका द्यायला विसरला, ही गोष्ट त्या म्हाताऱ्याला पायापेक्षा जास्त लागली होती. आणि कुंदनला बापाची ती नजर.

कुलदीपनं त्याला सोडलं नाही, हे सगळ्यांनी वाखाणलं. स्कूलमध्ये सिलिंडर भरायचं काम दिलं. शिवाय प्रत्येक नव्या बॅचला पहिल्या रविवारी कुंदन सरांचं भाषण. तो पाय ओढत पुढे यायचा आणि सांगायचा, "मी वरच्या माणसाला इशारा द्यायला विसरलो. मला वाटलं मी दिला. खोल गेल्यावर स्वतःच्या हातावर विश्वास ठेवू नका." पोरं गंभीर व्हायची. मागे भिंतीवर काचेच्या चौकटीत ती नव्वदची पट्टी लटकत असायची. दोन वर्षांत एकोणीस बॅचना त्यानं हे सांगितलं. आणि जे माणूस एकोणीस वेळा जाहीर सांगतो ते त्याच्या हाडात उतरतं. म्हणून तर कुलूप लावलेला हात त्याला पटेनासा झाला.

गेल्या फेब्रुवारीत स्कूल खारघरला मोठ्या जागेत हलायचं ठरलं. पोटमाळा रिकामा करताना कामगारांनी कुंदनचं जुनं सामान एका निळ्या ड्रममध्ये भरून टेम्पोनं पाठवून दिलं. त्यात पायातले पंख होते, फाटका सूट होता आणि दोरीची एक भेंडोळी. थोरल्या भावाच्या मुलीची, राजेश्वरीची, हळद जवळ आली होती. गच्चीवर ताडपत्री बांधायला दोऱ्या हव्या होत्या, म्हणून कुंदननं ड्रम तिकडेच उतरवला. वर मंडप उभा राहत होता आणि कुंदन खाली खुर्च्या मोजत होता, तेवढ्यात वरून हाक आली. वामन गच्चीच्या कठड्याला टेकून बसले होते. मांडीवर ती दोरी, हातात दाभण.

"ही गाठ कुनी मारली?"

"बाबा, ती अंदमानची दोरी. राहू दे, दुसरी देतो."

"मी इचारतंय काय? गाठ कुनी मारली? हातातल्या दोरीला गाठ कशाला व्हईल?"

कुंदन वाकला. दोरीच्या एका टोकाला शिसं होतं. दुसऱ्या टोकाला कडीतून कापून काढलेला फास होता, त्यावर गंजाचा डाग आणि होडीचा हिरवा रंग. आणि फासाखाली गाठ, सुपारीएवढी, दगडासारखी.

"अर्दा तास झाला, दाभन शिरत नाय," वामन म्हणाले. "दीड किलोच्या शिशानं अशी बसत नाय ही. लाटेनं पन नाय. खालून कुनीतरी जीव खाऊन ओडलंय. एकदा नाय, लय येळा." मग त्यांनी मुलाच्या तोंडाकडे बघितलं, दोन वर्षांत पहिल्यांदा सरळ. "तू दिलवतास हिसका. पोरा, तू दिलवतास."

कुंदनला आधी आनंद झाला, हे सांगायलाच हवं. पाय विसरून तो मटकन खाली बसला आणि स्वतःचे दोन्ही तळहात बघत राहिला. दिले होते. सगळे दिले होते. आपलं डोकं ठिकाणावर होतं, हात खरे होते. तो हसत होता आणि वामन त्याच्या डोक्यावर हात ठेवून होते. हे सगळं मिनिटभर टिकलं असेल. मग दुसरी गोष्ट त्याच्या लक्षात आली, आणि हसू तोंडावर तसंच राहून आतून विझलं. कुलदीपला हे माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

पुढच्या रविवारी नवी बॅच होती. कुंदन तासभर आधी पोचला. सिलिंडरच्या खोलीत कुलदीप यादी बघत होता. कुंदननं दोरी त्याच्या पुढ्यात ठेवली. कुलदीपनं गाठीला बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं काढून घेतलं.

"दोनच मिनिटं बांधली होती, भावा," तो म्हणाला. "देवाशपथ. बेटाजवळ रेंज आली, प्रायोजकांचा व्हिडिओ कॉल आला. ते म्हणाले, लाईव्ह दाखवा. मी होडीच्या पुढच्या टोकाला गेलो. बोलणं लांबलं."

"किती?"

"माहीत नाही. वीस मिनिटं. जास्तच." त्यानं तोंड पुसलं. "तू वर तरंगताना दिसलास तेव्हा मी दोरी कापली, डुलक्या काढणाऱ्या इंजिनवाल्याला उठवलं. मी खूप घाबरलो होतो रे. इस्पितळात तू डोळे उघडलेस आणि माझ्या तोंडून ते निघून गेलं. एकदा गेलेलं परत कसं घेणार? सगळ्यांना तेच सांगितलं होतं. आणि मी तुला वाऱ्यावर सोडलं का? काम दिलं, मान दिला..."

"मान?" कुंदन म्हणाला. "दोरी बांधलीस ती चूक झाली. त्याच दिवशी बोलला असतास तर मी चार शिव्या घातल्या असत्या आणि विषय संपवला असता. पाय गेला तर गेला, मी माझ्या पायानंच उतरलो होतो. पण एकोणीस वेळा, कुलदीप. तू मागच्या खुर्चीवर बसून ऐकायचास. मी माझ्याच तोंडानं मला खोटा पाडत होतो आणि तू मान हलवायचास."

कुलदीपनं दार लोटून घेतलं. "आज काही बोलू नकोस. प्लीज. नमिता पुढच्या महिन्यात साठ मीटर करतेय, होडीवर मीच आहे. तिला डाऊट आला तर सगळं बसेल."

नमिता नेरुळची, शाळेत गणित शिकवायची. कुंदनच्या हाताखाली तयार झालेली शेवटची विद्यार्थिनी. तिचं नाव ऐकून कुंदननं दोरी उचलली.

वर्गात बारा जण होते. नमिता मदतीला म्हणून कडेला उभी होती. कुलदीपनं ओळख करून दिली, आवाज नेहमीसारखाच. कुंदन पुढे आला. नेहमीचं पहिलं वाक्य सवयीनं ओठांवर आलं, आणि ते गिळायला त्याला कष्ट पडले.

"मी वरच्या माणसाला हिसके दिले होते," तो म्हणाला. "तीन. मग तीन. मग मोजले नाय. दोरी कडीला बांधलेली होती." त्यानं गाठ पहिल्या बाकावरच्या मुलीच्या हातात दिली. "सोडून बघा."

गाठ हातोहात फिरली. कुणाला सुटली नाही. नमितापर्यंत आली तेव्हा तिनं ती सोडायचा प्रयत्न केला नाही. ती कुलदीपकडे वळली.

"सर, दोरी तुमच्याकडे होती ना?"

कुलदीप म्हणाला, "हे असं एका वाक्यात सांगता येणार नाही." नमितानं दोरी कुंदनला परत दिली, गळ्यातलं स्कूलचं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं आणि ती बाहेर गेली. कुंदननं भिंतीवरची चौकट उतरवली, नव्वदची पट्टी खिशात घातली आणि तोही गेला. जाताना नारळाचा विषय त्यानं काढला नाही. दिलेला नारळ परत मागायची रीत त्यांच्यात नाही.

घरी जायच्या आधी तो थोरल्या भावाकडे गेला. वामन ओट्यावर होते.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

म्हाताऱ्यानं सरकून शेजारी जागा केली.

सोमवारी सकाळी कुंदन वाशीला निघाला, दुसरीकडे कामाची चौकशी करायला. त्यानं कुलूप लावलं, एकदा ओढलं आणि सोनलच्या बरोबरीनं जिना उतरून सरळ गेटबाहेर पडला. वॉचमननं घड्याळात बघितलं. बसथांब्यावर सोनल त्याच्या विचारण्याची वाट बघत राहिली. शेवटी तीच म्हणाली, "आज विचारलं नाहीस."

"माझ्या हातानं लावलंय. माहीत हाय मला."

सोनलचे डोळे भरून आले. दोन वर्षांनी नवरा परत आला असं तिला वाटलं. तिनं त्याचा दंड धरला. तेवढ्यात तो म्हणाला, "सोनल, तू रोज सांगायचीस, मी बघितलं म्हणून. बघायचीस?"

तिला खोटं बोलता आलं असतं. पण इतक्या चांगल्या सकाळी तिला ते जमेना. "नाही रे," ती म्हणाली. "मी खाली उभी असायची, कुठून दिसणार? तुला बरं वाटावं म्हणून म्हणायची."

"बरं," कुंदन म्हणाला. बस आली, दोघं चढली.

तिनं काही वाईट केलं होतं असं मला वाटत नाही. त्यालाही वाटलं नसावं. तो तिच्यावर रागावला नाही, बसमध्ये तिला खिडकीची जागा दिली.

मंगळवारी कुंदनला बूट चढवायला वेळ लागला, म्हणून कुलूप सोनलनं लावलं आणि ती पुढे झाली. पहिला जिना उतरल्यावर मागे पाय ओढल्याचा आवाज येईना, तशी तिनं मान वर केली. कुंदन दारापाशीच उभा होता. कुलूप त्याच्या मुठीत होतं.

"अरे, मी लावलंय ते," ती म्हणाली.

"हो गं," तो म्हणाला, आणि त्यानं कुलपाला तीन हिसके दिले.